गल्ल्यावरचा बोलका डबा: महिना सव्वाशे रुपये भाडं परवडतं का?

वडापावच्या गाडीवर एका हातात झारा, दुसऱ्या हातात कागद आणि समोर आठ गिऱ्हाइकं. त्यातले सहा जण मोबाइल पुढे करून हिरवी टिक दाखवतात. ती खरी की खोटी हे तपासायला तेलकट हातांनी स्वतःचा फोन उघडणं गर्दीच्या वेळी जमत नाही. यूपीआयने पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स, दुकानदारांच्या भाषेत नुसता ‘बॉक्स’ किंवा ‘स्पीकर’, कामाला येतो तो इथे. पैसे आल्याची खबर गिऱ्हाइकाच्या पडद्यावर अवलंबून राहत नाही. ती आपल्या बाजूने येते आणि कानावर पडते. डब्याचं खरं मोल हेच आहे. बाकी सगळ्या सोयी त्यानंतर.

पेटीएम, फोनपे, भारतपे यांचे डबे बाजारात जास्त दिसतात, मोठ्या बँकाही स्वतःचे देतात. आतलं काम सगळ्यांचं जवळपास सारखंच चालतं, म्हणून इथे कुठल्या एका कंपनीला गुण न देता या वस्तूचीच पारख केली आहे.

डबा गिऱ्हाइकाच्या मोबाइलशी बोलत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. गिऱ्हाइक क्यूआर स्कॅन करतं (दुकानदार त्या स्टिकरलाच ‘स्कॅनर’ म्हणतात), पिन टाकतं, मग त्याच्या बँकेतून रक्कम वजा होते आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेमार्फत दुकानदाराच्या बाजूच्या बँकेत जमा होते. जमा झाल्याचा निरोप ज्या कंपनीचा क्यूआर आहे तिच्या सर्व्हरला मिळतो. सर्व्हर तो डब्यातल्या सिमवर धाडतो आणि डबा बोलतो. सगळं सुरळीत असेल तर टिक दिसल्यावर दोन-चार सेकंदांत आवाज येतो. या साखळीत कुठेही अडलं तरी दुकानात ऐकू येते ती फक्त शांतता, आणि शांततेची कारणं वेगवेगळी असतात.

सर्वांत जास्त वेळा अडतं ते शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे डब्याच्या सिमला रेंज नसते. पत्र्याची टपरी, तळघरातलं दुकान, इमारतींमधली अरुंद गल्ली या नेहमीच्या जागा. पैसे जमा झालेले असतात, निरोप वाटेत थांबलेला असतो. रेंज परत आली की काही डबे थांबलेले निरोप एकामागून एक बोलून दाखवतात. अशा वेळी पाच मिनिटांपूर्वीचे चाळीस रुपये समोरच्याचे समजून माल दिला जातो. डबा काही वेळ गप्प होता आणि अचानक लागोपाठ बोलला, तर तेवढ्या वेळातले व्यवहार फोनमधल्या यादीशी ताडून पाहावेत. डबा पत्र्याला चिकटवून ठेवू नये. दर्शनी बाजूला, जमिनीपासून उंच, उघड्या दिशेला ठेवला तर रेंजमध्ये लगेच फरक पडतो. घेण्यापूर्वी शेजारच्या दोन दुकानांत कुठल्या कंपनीचं सिम चालतं ते विचारावं, कारण डब्यातलं सिम बहुधा आपल्याला बदलता येत नाही. वायफायवर चालणारा डबा मिळत असेल आणि दुकानात वायफाय असेल, तर तळघरासाठी तोच घ्यावा.

बॅटरीचा हिशेबही रेंजशी जोडलेला आहे. कंपन्या चार ते सात दिवस सांगतात. रेंज कमी असेल तर सिमला टॉवर शोधण्यात जास्त वीज लागते, आवाज पूर्ण ठेवला तर आणखी, आणि दिवसाला दोनशे व्यवहार असतील तर हा आकडा बराच खाली येतो. हातगाडीवाल्याने रोज रात्री चार्जिंगला लावायची सवय ठेवावी आणि गाडीवर एक पॉवरबँक ठेवावी. वडे-भजीच्या गाडीवर वेगळीच अडचण येते. तेलाची वाफ स्पीकरच्या जाळीवर बसते, तिच्यावर पीठ चिकटतं आणि महिन्या-दोन महिन्यांत आवाज दबतो. जाळी ओल्या फडक्याने पुसू नये, कोरड्या जुन्या टूथब्रशने साफ करावी. कोकणातल्या पावसात डब्याला प्लास्टिकची पिशवी चढवतात, पण चार्जिंगचं भोक वरच्या बाजूला राहिलं तर पाणी तिथूनच आत जातं. ते भोक खाली येईल असा डबा ठेवावा.

आता भाषेबद्दल, कारण मराठी निवडताना इथे थोडा विचार करावा लागतो. बहुतेक डबे आधी ध्वनिमुद्रित केलेले शब्द जोडून वाक्य तयार करतात. मराठीत एकपासून नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचा शब्द स्वतंत्र आहे, आणि भर रस्त्याच्या गोंगाटात त्यातल्या जोड्या सारख्या ऐकू येतात. सात आणि साठ, पंचावन्न आणि पंच्याण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. शिवाय वाक्यात कंपनीचं नाव आधी येतं आणि रक्कम नंतर, त्यामुळे नावाच्या वेळी कान टवकारले जातात आणि रकमेच्या वेळी शेजारून रिक्षा जाते. चहाच्या टपरीवर फरक पडत नाही, तिथे दहा, पंधरा, वीस, तीस एवढ्याच रकमा येतात. किराणा दुकानात मात्र १४७ आणि १७७ यांत तीस रुपयांचा फरक आहे. अशा दुकानाने रक्कम दाखवणारा छोटा पडदा असलेला डबा घ्यावा, भाडं थोडं जास्त असलं तरी. मराठी सोडायची गरज नाही. काउंटरवर बसणाऱ्याला जी भाषा अर्धवट ऐकूनही कळते ती ठेवावी, आणि कामगार बदलला तर भाषाही बदलावी. ॲपमधून किंवा डब्यावरच्या बटणाने ती बदलते. शेवटचा व्यवहार पुन्हा ऐकवणारं बटण बहुतेक डब्यांवर असतं. गिऱ्हाईक ‘दिले’ म्हणत असेल आणि आपण ऐकलं नसेल, तर वाद घालण्याआधी ते दाबावं.

ज्या विक्रेत्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हा डबा नुसती सोय नाही. नोटा चाचपून ओळखण्यापेक्षा आवाजावर व्यवहार करणं त्यांना कितीतरी निर्धास्त आहे. ऐकू न येणाऱ्या विक्रेत्याला एजंटाने पडद्याशिवायचा डबा देऊ नये. तसं घडत असेल तर ते विक्रेत्याचं नुकसान आहे, आणि ते टाळणं एजंटाच्या हातात आहे.

पैशाकडे वळू. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क शून्य झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे यूपीआय व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले, आणि तरी छोट्या दुकानदाराच्या व्यवहारातून कंपनीला थेट जवळजवळ काहीच मिळत नाही. केंद्र सरकारने २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन मंजूर केलं. वीस रुपयांच्या चहावर ते तीन पैसे होतात, आणि त्या तीन पैशांचे वाटेकरीही अनेक. म्हणून डब्याचं भाडं हीच कंपनीची ठरलेली कमाई आहे. एजंट डबा द्यायला तीन-तीनदा का येतो ते यावरून कळेल.

भाडं साधारण महिना शंभर ते सव्वाशे रुपये पडतं. सव्वाशे धरू. महिन्याला १०,००० रुपये यूपीआयने येत असतील तर ते १.२५ टक्के झाले. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के शुल्क घेता येतं, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. म्हणजे ‘फुकट’ यूपीआयसाठी हा विक्रेता कार्डाच्या तिप्पट मोजतो. महिन्याला ३१,२५० रुपये यूपीआयने आले की दोन्ही खर्च बरोबरीला येतात, त्याच्या पुढे डबा स्वस्त पडत जातो. ५०,००० वर तो ०.२५ टक्के होतो. दुसऱ्या बाजूने पाहायचं तर किराण्यात दहा टक्के सुटतात असं धरून सव्वाशे रुपये म्हणजे १,२५० रुपयांच्या विक्रीचा नफा. दिवसाला दहा-बारा यूपीआय व्यवहार असलेल्या शिंप्याला किंवा चांभाराला हा डबा घेऊ नका असंच सांगावं लागेल. त्यांचे हात मोकळे होऊ शकतात, फोन जवळ असतो, आणि कंपन्यांच्या दुकानदार-ॲपमध्ये ‘आवाजी सूचना’ चालू केली तर फोनच रक्कम बोलतो, फुकटात. फोनला बॅटरी वाचवण्याची सोय असेल तर त्या ॲपला त्यातून वगळावं लागतं, नाहीतर पडदा बंद झाला की सूचनाही बंद होते.

फेरीवाल्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. तिच्यात डिजिटल व्यवहारांवर महिन्याला १०० रुपयांपर्यंत, वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत कॅशबॅक होता. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली, कॅशबॅकची मर्यादा १,६०० झाली आणि कर्जाचे टप्पे १५,०००, २५,००० आणि ५०,००० असे ठरले. कर्ज स्वनिधीचं असेल आणि व्यवहार नियमित असतील तर डब्याचं बरंचसं भाडं यातून निघतं.

भाड्याबाबत जी चूक होते ती डबा घेतानाच होते. एजंट ‘पहिला महिना फ्री’ म्हणतो आणि फोनवर एका पानाला मंजुरी घेतो. ती बहुधा ऑटोपेची, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायची, मंजुरी असते, किंवा रोज खात्यात येणाऱ्या जमेतूनच भाडं कापायची. पुढे दुकान बंद राहिलं तरी कपात चालूच राहते. आंब्याचा, फटाक्यांचा किंवा राख्यांचा हंगामी स्टॉल लावणाऱ्याला हे जास्त जड जातं. चार प्रश्न तिथल्या तिथे विचारावेत आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत: भाडं किती आणि त्यात जीएसटी धरला आहे का, व्यवहार कमी झाले तर भाडं वाढतं का, डबा बिघडला तर बदली किती दिवसांत, आणि परत करताना काय कापणार.

याच डब्याच्या मागून कर्ज येतं. क्यूआरवर येणाऱ्या रकमेचा माग पाहून कंपनीचं ॲप कर्ज देऊ करतं आणि हप्ता रोजच्या जमेतून कापला जातो. ज्याच्याकडे ना सातबारा ना पगाराची स्लिप, त्याला तारणाशिवाय कर्ज मिळणं ही खरोखर मोठी गोष्ट आहे, ती कमी लेखू नये. पण हिशेब नीट करावा. समजा ५०,००० घेतले आणि रोज १९० रुपये, ३०० दिवस. एकूण ५७,००० फेडले. ‘पन्नासावर सात हजार, म्हणजे चौदा टक्के’ असं वाटतं. मुद्दल मात्र रोज कमी होत जाते, म्हणजे सरासरी २५,००० रुपयेच आपल्याकडे राहिले आणि तेही दहा महिने. वर्षाचा दर तेहतीस-चौतीस टक्क्यांच्या घरात जातो, प्रक्रिया शुल्क वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने कर्जाचा सारांश सांगणारं एक पत्रक द्यावं लागतं. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. ते मागितल्याशिवाय बटण दाबू नये. सराफाकडे सोनं ठेवून किंवा पतसंस्थेतून मिळणाऱ्या कर्जाशी त्या दराची तुलना करावी, हप्त्याची नको.

फसवणुकीच्या बाबतीत डबा चांगला राखणदार आहे, फक्त त्याची मर्यादा माहीत हवी. हिरवी टिक दाखवणारी बनावट ॲपं आहेत, जुने स्क्रीनशॉट आहेत. त्यांच्यापुढे डबा गप्प राहतो आणि तेवढ्यानेच काम होतं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीत अनेक दुकानांच्या क्यूआरवर दुसरे स्टिकर चिकटवले गेले होते आणि पैसे भलत्याच खात्यात गेले. डब्यालाच जोडलेला क्यूआर असेल आणि तो रात्री घरी नेला, तर हा धोका जवळजवळ उरत नाही. भिंतीवरचे स्टिकर रोज सकाळी नखाने कडेला खरवडून पाहावेत. मोबाइलवरून डब्यासारखाच आवाज वाजवून दाखवणंही अवघड नाही, म्हणून आवाज डब्यातूनच आला का हे पाहावं: दिवा लागतो, पडदा असेल तर रक्कम उमटते.

टिक खरी, पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले आणि डबा बोललाच नाही, असंही होतं. अशा वेळी गिऱ्हाइकाकडून व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक घ्यावा आणि आपल्या ॲपच्या यादीत शोधावा. यादीत असेल तर अडचण फक्त डब्याची. नसेल तर पैसे मध्ये अडकले आहेत. दुकानात पुष्टी पोहोचली नाही आणि खात्यातून रक्कम गेली, तर ती पाच दिवसांत गिऱ्हाइकाला परत व्हायला हवी, आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगावं, नेहमीचं असेल तर नाव लिहून माल द्यावा. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय अडलं होतं. अशा दिवशी कुठलाच डबा मदतीला येत नाही, गल्ल्यात सुट्टे लागतातच.

खात्याची निवड हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सायबर फसवणुकीतला पैसा अनेक खात्यांतून फिरतो. त्यातले दोनशे रुपये कुणी तुमच्याकडे खर्च केले, तर तपासात तुमच्या खात्यावरची रक्कम रोखली जाऊ शकते, कधी पूर्ण खातंही. घरखर्च, मुलांची फी, कर्जाचा हप्ता सगळं त्याच खात्यात असेल तर घर अडतं. म्हणून डब्यासाठी वेगळं खातं ठेवावं आणि रोज किंवा दोन दिवसांनी रक्कम दुसरीकडे हलवावी. मोठ्या रकमेच्या विक्रीची पावती, निदान फोटो, ठेवावा. बँकेत लेखी उत्तर देताना तोच कामाला येतो.

दुसरी भीती कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळूरच्या टपऱ्यांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. रोखीकडे पळणं हा उपाय नाही, उंबरठा ठाऊक असणं हा आहे. फक्त मालाची विक्री असेल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख, सेवा असेल तर २० लाख उलाढालीपुढे नोंदणी लागते. खानावळ, चहा-नाश्ता हे सेवेत मोडतं, त्यामुळे रोज साडेपाच हजारांची विक्री असलेली टपरी २० लाखांच्या पलीकडे जाते. फक्त ताजी भाजी विकणाऱ्याला करमुक्त मालामुळे नोंदणी लागत नाही, पण खात्यात भाजीचेच पैसे आहेत हे दाखवता आलं पाहिजे. मुलाच्या नोकरीचे पैसे, भिशी, गावाकडून आलेली रक्कम डब्याच्या खात्यात आली की तीही विक्रीच दिसते. वेगळं खातं इथेही उपयोगी. आयकरात तर डिजिटल जमेचा फायदाच आहे: छोट्या व्यापाऱ्यांचा नफा अंदाजाने धरायची जी सोय आहे तिच्यात रोख विक्रीवर नफा आठ टक्के धरतात, डिजिटल विक्रीवर सहा.

डबा बसवायला अर्धा तास पुरतो. पॅन, आधार, बँक खातं आणि दुकानाचा फोटो लागतो. खात्यावरचं नाव आणि दुकानाचं नाव बरोबर लिहिलं आहे का पाहावं, कारण गिऱ्हाइकाच्या पडद्यावर तेच दिसतं आणि अनोळखी नाव दिसलं की ते थबकतं. मग प्रत्येक स्टिकरवर, डब्यावरच्या आणि भिंतीवरच्या, एकेक रुपया पाठवून पाहावा. डबा फक्त स्वतःच्या क्यूआरचे पैसे बोलतो. दुकानात तीन कंपन्यांचे स्टिकर असतील तर दोघांच्या पैशांना आवाज नाही. मोबाइल नंबरवर थेट पाठवलेलेही बहुधा तो बोलत नाही. कुठल्याही ॲपने कुठलाही यूपीआय क्यूआर चालतो, त्यामुळे एकच स्टिकर पुरतो, तीन डब्यांची तीन भाडी भरायचं कारण नाही. पैसे लगेच खात्यात येतात की दुसऱ्या दिवशी, तेही बघून ठेवावं. पहाटे बाजार समितीत रोखीने माल उचलणाऱ्या भाजीवाल्याला हा एक दिवस फार महाग पडतो.

मालक दुकानात नसतो अशा ठिकाणी डब्याची किंमत लगेच वसूल होते. कामगाराला मालकाला फोन करून ‘आले का’ विचारावं लागत नाही, आणि त्याच्यावर संशयही राहत नाही. औषधाच्या दुकानात आवाज कमी ठेवावा, रांगेतल्या प्रत्येकाला शेजाऱ्याची रक्कम कळायचं कारण नाही.

परत करायची वेळ आली तर आधी ऑटोपे यूपीआय ॲपमधून स्वतः रद्द करावं, मग विनंती टाकावी, आणि डबा देताना त्याचा क्रमांक लिहिलेली पोच घ्यावी. पोच नसेल तर डबा हरवल्याची रक्कम मागितली जाऊ शकते. डबा गेला तरी भिंतीवरचा जुना क्यूआर चालूच असतो. तो खरवडून काढला नाही तर नेहमीची गिऱ्हाइकं त्यावरच पैसे टाकत राहतात, आणि नव्या डब्याला त्याचा पत्ता नसतो.